थॉमस लिंकनच्या मागावर: दोनशे वर्षांपूर्वीचा अमेरिकन पूर्वज कागदपत्रांतून कसा शोधावा

अमेरिकेत स्थायिक झालेल्या अनेक मराठी घरांत आता नातवंडांची वंशावळ दोन खंडांत पसरलेली असते. एक शाखा सातारा-रत्नागिरीकडे जाते, दुसरी केंटकी किंवा पेनसिल्व्हेनियाकडे. आपल्या शाखेसाठी घरातली वडीलधारी माणसं असतात, कुलोपाध्याय असतात, काही घराण्यांचे छापील कुलवृत्तांतही असतात. सुनेच्या किंवा जावयाच्या शाखेचा शोध मात्र बहुतेक वेळा १८५० च्या आसपास येऊन अडतो. त्याआधीचा माणूस म्हणजे नुसतं एक नाव उरतं. हा लेख त्या माणसापर्यंत पोचण्यासाठी आहे.

शोध १८५० लाच का अडतो, याला कारण आहे. अमेरिकेची पहिली जनगणना १७९० मध्ये झाली, पण १८४० पर्यंतच्या सहाही जनगणनांत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहिलं जाई. बाकीची माणसं वयोगटाच्या रकान्यांत नुसत्या आकड्यांनी मांडलेली. घरातल्या, गुलाम नसलेल्या प्रत्येक व्यक्तीचं नाव, वय आणि जन्माचं राज्य पहिल्यांदा १८५० ला नोंदवलं गेलं. कुटुंबप्रमुखाशी नातं काय, हा रकाना तर १८८० ला आला. म्हणजे १८५० च्या अलीकडे जनगणना तुम्हाला हात धरून नेते. पलीकडे तिच्या भरवशावर राहता येत नाही.

पलीकडे कसं जायचं, याबद्दल माझं मत पक्कं आहे: नावाचा पाठलाग सोडा आणि जागेचा धरा. त्या काळातल्या सामान्य माणसानं रोजनिशी लिहिली नाही, पण जमीन घेतली, कर भरला, लग्नासाठी जामीन दिला, शेजाऱ्याच्या मृत्युपत्रावर साक्ष घातली. हे सगळे कागद त्याच्या कौंटीच्या (राज्याचा आपल्या जिल्ह्यासारखा भाग) कचेरीत जमा झाले. तो कुठे होता ते कळलं की तो कोण होता तेही कळू लागतं.

उदाहरणासाठी थॉमस लिंकन घेऊ. राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांचे वडील, ही त्याची ओळख शोधाच्या दृष्टीनं दुय्यम आहे. तो शेतकरी आणि सुतार होता, सहीपुरतं जेमतेम लिहू शकत होता, चार राज्यांत राहिला आणि १८५१ मध्ये इलिनॉयमध्ये वारला. तुमच्या नातवंडांचा केंटकीतला पूर्वज बहुधा असाच माणूस असेल. फरक एवढाच की थॉमसचे कागद शंभराहून अधिक वर्षं अनेकांनी तपासले आहेत, त्यामुळे वाट कुठे चुकते आणि कुठे सापडते ते स्पष्ट दिसतं.

आधी अलीकडचं पक्कं करा

आजपासून मागे, एकेक पिढी, हा क्रम मोडू नका. १९५० ची जनगणना २०२२ मध्ये खुली झाली, कारण कायद्यानं ७२ वर्षं ती बंद ठेवली जाते. तिथून सुरुवात करा. १८९० ची जवळजवळ पूर्ण जनगणना १९२१ मध्ये वॉशिंग्टनला लागलेल्या आगीत गेली, त्यामुळे १८८० वरून एकदम १९०० वर उडी पडते. या वीस वर्षांत लग्न होऊन आडनाव बदललेल्या मुली हातून निसटतात, म्हणून तिथे विवाहनोंदी आणि मृत्यूचे दाखले आवर्जून पाहा. फॅमिलीसर्च हे संकेतस्थळ मोफत आहे, अँसेस्ट्रीला पैसे पडतात. सुरुवातीला फॅमिलीसर्च पुरतं.

कौंटीचा इतिहास काढा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग महिनोन्महिने चुकीच्या कचेरीत शोधत बसतात. अमेरिकेत कौंट्या सतत फुटत होत्या. थॉमस लिंकन १८१६ च्या अखेरीस इंडियानात आला तेव्हा त्याची जागा पेरी कौंटीत होती. १८१८ मध्ये पेरी आणि वॉरिक यांचे भाग काढून स्पेन्सर कौंटी झाली. थॉमस त्याच झोपडीत, त्याच जमिनीवर होता. पण त्याचे कागद आता दुसऱ्या ठिकाणी जमा होऊ लागले. त्याच्या मुलाचा जन्म झाला ती जागा १८०९ मध्ये हार्डिन कौंटीत होती, १८४३ पासून ती लारू कौंटीत आहे. आणखी मागे गेलात तर थॉमसचा पणजोबा मॉर्डेकाय लिंकन ज्या भागात १७३६ मध्ये वारला तो भाग आज पेनसिल्व्हेनियाच्या बर्क्स कौंटीत मोडतो. पण बर्क्स कौंटी १७५२ मध्ये स्थापन झाली, म्हणून त्याचं मृत्युपत्र फिलाडेल्फियात शोधावं लागतं.

तेव्हा कागद हातात घ्यायच्या आधी एक साधा तक्ता करा. डाव्या बाजूला वर्षं, उजव्या बाजूला त्या वर्षी ती जागा कोणत्या कौंटीत आणि कोणत्या राज्यात होती ते. नियम असा की नवी कौंटी झाली तरी जुनी दप्तरं साधारणपणे जुन्या कौंटीतच राहतात. कौंट्यांच्या सीमा वर्षागणिक दाखवणारे नकाशे आंतरजालावर मोफत मिळतात. राज्याचंही पाहा: केंटकी १७९२ पर्यंत व्हर्जिनियाचा भाग होता, तेव्हा तिथल्या सुरुवातीच्या जमिनींचे कागद रिचमंडच्या लायब्ररी ऑफ व्हर्जिनियातही सापडतात.

१८५० पूर्वीची जनगणना कशी वाचावी

नुसत्या आकड्यांची जनगणना निरुपयोगी नसते. मात्र ती एकटी वाचू नये. दर दहा वर्षांची ओळ एकाखाली एक मांडा. १८१० ला दहा वर्षांखालचा मुलगा १८२० ला दहा ते सोळाच्या किंवा सोळा ते सव्वीसच्या रकान्यात यायला हवा. आला नाही तर तो वारला, कुणाकडे कामाला गेला, किंवा मुळात त्या घरचा नव्हता. १८२० च्या तक्त्यात एक खाचखळगा आहे: सोळा ते अठरा वयाचे पुरुष वेगळ्या रकान्यात दिले आहेत आणि तेच पुन्हा सोळा ते सव्वीसच्या रकान्यातही धरले आहेत. बेरीज करताना एक माणूस दोनदा मोजला जातो.

आता थॉमसच्या घराचं पाहा. पहिली बायको नॅन्सी हँक्स १८१८ मध्ये वारली. डिसेंबर १८१९ मध्ये त्यानं केंटकीत परत जाऊन सारा बुश जॉन्स्टन या विधवेशी लग्न केलं आणि तिची तीन मुलं घरी आणली. नॅन्सीचा नातलग डेनिस हँक्सही त्यांच्याकडेच राहत होता. त्यामुळे काही महिन्यांनी झालेल्या १८२० च्या जनगणनेवरून थॉमसची मुलं मोजली तर उत्तर चुकणारच. त्याची स्वतःची दोनच होती, सारा आणि अब्राहम. रकान्यातलं मूल म्हणजे घरातलं मूल, एवढंच समजायचं.

केंटकीत आणखी एक अडचण आहे. तिथल्या १७९० आणि १८०० च्या जनगणना टिकलेल्याच नाहीत. त्यांची जागा करयाद्या भरून काढतात. खरं सांगायचं तर करयादी जनगणनेपेक्षा कामाची, कारण ती दरवर्षीची असते. एखादा तरुण यादीत पहिल्यांदा दिसला की तो एकवीसचा झाला किंवा नुकताच तिथे आला. नाव गेलं की तो मेला किंवा निघून गेला. पुढच्या वर्षी त्याच जमिनीपुढे बाईचं नाव आलं, तर ती बहुधा त्याची विधवा.

लग्नाची नोंद मुलीच्या गावी

लिंकन प्रसिद्ध झाल्यावर त्यांच्या आईवडिलांचं लग्न झालंच नव्हतं, अशी कुजबूज सुरू झाली. कारण इतकंच की लोक हार्डिन कौंटीत शोधत होते. थॉमस तिथे राहायचा, मुलं तिथे झाली, मग लग्नही तिथलंच असणार असा सगळ्यांचा समज. खुद्द लिंकन यांच्या हयातीत ती नोंद मिळाली नाही. १८७० च्या दशकाच्या अखेरीस ती शेजारच्या वॉशिंग्टन कौंटीत सापडली, कारण नॅन्सी तिथे राहत होती. मुलीच्या कौंटीत परवाना काढायचा आणि लग्न तिच्याकडच्यांच्या घरी लावायचं, ही त्या भागातली रूढ पद्धत होती.

सापडलेले कागद दोन. पहिला १० जून १८०६ चा विवाह बाँड. लग्नाला कायदेशीर अडथळा निघाला तर ५० पौंड भरू अशी हमी देऊन थॉमस लिंकन आणि रिचर्ड बेरी यांनी त्यावर सह्या केल्या. दुसरी, जेसी हेड या धर्मोपदेशकानं कचेरीत पाठवलेली यादी. तिच्यात १२ जून ही लग्नाची तारीख आहे. बाँडची तारीख म्हणजे लग्नाची तारीख नव्हे, हे त्यावरून लक्षात ठेवा. कधीकधी बाँड झाला आणि लग्न झालंच नाही, असंही घडलेलं आहे.

या बाँडवरचं मोलाचं नाव माझ्या मते बेरीचं. नवऱ्याबरोबर सही करणारा माणूस सहसा मुलीचा बाप, भाऊ, चुलता किंवा पालक असतो. रिचर्ड बेरीनं आपल्या सहीपुढे पालक असल्याचं लिहिलं आहे. नॅन्सीच्या माहेरचा शोध घेणाऱ्या प्रत्येकाला म्हणूनच बेरी कुटुंबाकडे वळावं लागलं. तुमच्या कागदावर असा अनोळखी जामीनदार दिसला, तर त्याचाही तितक्याच निगुतीनं माग काढा.

जमीन: या शोधाचा कणा

आपल्याकडे सातबारा आणि फेरफार हाताशी असले की घराण्याच्या तीन-चार पिढ्या डोळ्यांसमोर उभ्या राहतात. अमेरिकेत ते काम खरेदीखतांची पुस्तकं करतात. त्या काळात जमीन मिळणं तुलनेनं सोपं होतं, त्यामुळे गरीब माणसाचं नावही या पुस्तकांत येण्याची शक्यता चांगली असते. प्रत्येक कौंटीत विकणाऱ्यांची आणि घेणाऱ्यांची अशा दोन सूची असतात. दोन्ही पाहा.

जमीन मोजायच्या पद्धती दोन होत्या आणि तुमचा पूर्वज कोणत्या राज्यात होता त्यावर सगळं अवलंबून असतं. मूळच्या तेरा वसाहती, केंटकी, टेनेसी, टेक्सास अशा राज्यांत जमीन राज्य देत असे. केंटकी-व्हर्जिनियात तिची हद्द झाडं, दगड, ओढे यांच्या खुणांनी सांगितली जाई. थॉमसनं १८०८ मध्ये घेतलेल्या सिंकिंग स्प्रिंगच्या जमिनीजवळ एक मोठा पांढरा ओक होता. १८०५ च्या मोजणीत त्याची हद्दीची खूण म्हणून नोंद आहे आणि ते झाड १९७६ पर्यंत उभं होतं. पण सगळीच झाडं इतकी टिकत नाहीत. एकाच जमिनीवर दोघातिघांचे दावे, मोजणीत चुका, मग खटले, हे केंटकीत घरोघरी चाललेलं. थॉमसनं १८०३ मध्ये मिल क्रीकची २३८ एकर जमीन ११८ पौंडांना घेतली आणि १८१४ मध्ये २०० एकर धरून १०० पौंडांना विकली. नॉब क्रीकच्या जमिनीवर तर त्याला हुसकावण्याचा दावा लागला.

तुम्ही वाचक म्हणून या खटल्यांकडे संधी म्हणून पाहा. जमिनीच्या दाव्यात शेजारी साक्ष देतात: मी याला इतकी वर्षं ओळखतो, याचा बाप अमक्या गावाहून आला. वंशावळीची जी माहिती जन्मनोंदीत नसते ती अशा जबान्यांत असते.

ओहायो नदीच्या उत्तरेला चित्र वेगळं. १७८५ च्या कायद्यानं तिथली संघराज्याची जमीन चौकोनांत आखली गेली: सहा मैल लांब-रुंद टाउनशिप, तिचे ३६ सेक्शन, प्रत्येक सेक्शन ६४० एकर. इंडियानाला जाण्यामागे केंटकीतले हे मालकीचे वाद मोठं कारण होते. ऑक्टोबर १८१७ मध्ये थॉमसनं विन्सेन्सच्या जमीन कचेरीत एक चतुर्थांश सेक्शन, म्हणजे १६० एकर, हप्त्यांवर नोंदवला: सेक्शन ३२ चा नैऋत्य भाग, टाउनशिप ४ दक्षिण, रेंज ५ पश्चिम. एवढं वर्णन हाती आलं की आजच्या नकाशावर त्या शेतावर नेमकं बोट ठेवता येतं. सगळे हप्ते झेपले नाहीत, म्हणून पुढे त्यानं अर्धी जमीन परत केली आणि १८२७ मध्ये उरलेल्या ८० एकरांची सनद मिळवली. या सनदा संघराज्याच्या ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या संकेतस्थळावर मोफत पाहता येतात. मात्र सनद हा शेवटचा कागद. अर्ज, हप्ते, परत केलेली जमीन यांचा तपशील नॅशनल अर्काइव्ह्जकडच्या जमीन-नोंदीच्या दप्तरात असतो आणि तो वेगळा मागवावा लागतो.

विक्रीचे दस्त खरेदीपेक्षा जास्त बोलतात. नवऱ्याच्या पश्चात त्याच्या जमिनीतल्या ठरावीक वाट्यावर विधवेचा हक्क असे. म्हणून जमीन विकताना ती बायको हक्क सोडते का, हे तिला नवऱ्यापासून बाजूला घेऊन विचारण्याची पद्धत होती. त्यामुळे बायकोचं नाव दस्तात येतं. १८१० ला एक नाव आणि १८२० ला दुसरं दिसलं, तर दोन लग्नं झाली हे कळतं. शिवाय गाव सोडताना माणूस जमीन विकतो. थॉमसनं १८३० च्या फेब्रुवारीत आपली ८० एकर १२५ डॉलरला चार्ल्स ग्रिग्सबीला विकली आणि मार्चमध्ये कुटुंब इलिनॉयकडे निघालं. हा ग्रिग्सबी परका नव्हता. थॉमसची मुलगी सारा १८२६ मध्ये ॲरन ग्रिग्सबीशी लग्न करून त्याच घराण्यात गेली होती. जमीन घेणारा, साक्षीदार, शेजारचा शेतमालक अशी नावं एका वहीत उतरवत चला. ही माणसं टोळीनं स्थलांतर करत. तुमच्या माणसाचा माग तुटला तर शेजाऱ्याचा धरा; दोनशे मैलांवर दोघं पुन्हा शेजारी म्हणून भेटतात.

जमिनीनं पिढ्या कशा जोडल्या जातात याचा सुंदर पुरावा याच घराण्यात आहे. लिंकन यांना १८५९ मध्ये स्वतःबद्दल थोडक्यात लिहायची वेळ आली, तेव्हा त्यांना आपले पूर्वज व्हर्जिनियाहून आणि त्याआधी पेनसिल्व्हेनियाच्या बर्क्स कौंटीतून आले इतकंच सांगता आलं. न्यू इंग्लंडच्या लिंकन घराण्याशी नातं जोडण्याच्या प्रयत्नातून मॉर्डेकाय, सॉलोमन, अब्राहम अशा सारख्या नावांपलीकडे काही हाती लागलं नाही, असं त्यांनी लिहिलं. पुढे संशोधकांना ते नातं सापडलं. १७३६ च्या मॉर्डेकायच्या मृत्युपत्रात न्यू जर्सीतली जमीन मुलगा जॉनला दिली होती. पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या जॉननं ती १७४८ मध्ये विकली तेव्हा दस्तात स्वतःची ओळख मॉर्डेकायचा मुलगा अशी दिली. हाच जॉन १७६८ मध्ये व्हर्जिनियाला गेला. मॉर्डेकायच्या मागे मॅसॅच्युसेट्समधलं हिंगहॅम आणि तिथे १६३७ मध्ये इंग्लंडहून आलेला सॅम्युअल लिंकन. तुमचा पूर्वज कुठून आला हे कळत नसेल, तर त्यानं दूरच्या एखाद्या राज्यातली जमीन कधी विकली का, हे जरूर पाहा.

मृत्यू, वारसा आणि तेव्हाचा कायदा

मृत्युपत्र मिळालं तर आनंदच, पण मृत्युपत्र न करता मेलेल्या माणसाचे कागद अनेकदा अधिक असतात. मालमत्तेचा कारभारी नेमला जातो, वस्तूंची यादी होते, लिलाव होतो, अज्ञान मुलांना पालक नेमले जातात आणि शेवटी वाटणीत सगळे वारस नावानिशी येतात. लिलावात विधवा सहसा घरातल्या आवश्यक वस्तू विकत घेते. खरेदीदारांच्या यादीत जावई सापडतात.

थॉमसचे वडील कॅप्टन अब्राहम लिंकन मे १७८६ मध्ये केंटकीत शेतावर काम करत असताना मूळ रहिवाशांच्या हल्ल्यात मारले गेले. जमीन जेफरसन कौंटीत, पण मालमत्तेचं प्रकरण १७८८ मध्ये नेल्सन कौंटीत चाललं, कारण कुटुंब तिकडे सरकलं होतं. इथेही दोन कौंट्या. आणि आता तारखेकडे लक्ष द्या. मृत्युपत्र नसेल तर सगळी जमीन थोरल्या मुलाला, हा व्हर्जिनियाचा नियम १७८५ च्या कायद्यानं रद्द झाला, पण तो कायदा १ जानेवारी १७८७ पासून लागू झाला. कॅप्टन लिंकन आठ महिने आधी गेले. जमीन थोरल्या मॉर्डेकायकडे गेली आणि धाकटा थॉमस मजुरी करत वाढला. एका तारखेनं त्याचं सगळं आयुष्य ठरलं. वारसाच्या कागदात धाकट्या मुलांची नावं नाहीत म्हणून मुलंच नव्हती असा निष्कर्ष काढण्याआधी त्या वर्षाचा, त्या राज्याचा वारसा कायदा वाचा.

स्वातंत्र्ययुद्धाची पेन्शन

१७४५ ते १७६५ च्या दरम्यान जन्मलेला पुरुष असेल तर ही पायरी चुकवू नका. १८०० मध्ये युद्धखात्याला लागलेल्या आगीत आधीचे अर्ज जळाले, पण नंतरचे जवळपास ८०,००० व्यक्तींचे दप्तर टिकून आहे. १८१८ चा कायदा गरजू सैनिकांसाठी होता. १८२० पासून त्यासाठी मालमत्तेची यादी द्यावी लागे आणि तिच्यात किटलीपासून गाईपर्यंत सगळं येतं. १८३२ च्या कायद्यानं गरिबीची अट काढली आणि किमान सहा महिने सेवा केलेल्यांना, नागरी सेनेतल्यांनाही, पेन्शन दिली. त्या अर्जदारांना ठरावीक प्रश्न विचारत: जन्म कुठे आणि कोणत्या वर्षी झाला, वयाची नोंद आहे का, सैन्यात गेलात तेव्हा कुठे राहत होता, युद्धानंतर कुठे कुठे राहिलात. म्हातारा सैनिक कोर्टात उभा राहून आपलं आयुष्य सांगतो आहे आणि कारकून ते उतरवून घेतो आहे, असे हे कागद आहेत. विधवांना १८३६ पासून लग्नाचा पुरावा द्यावा लागे. कित्येकींनी घरच्या बायबलमधली जन्म-लग्नांची पानंच फाडून अर्जाला जोडली आणि ती आजही तिथे आहेत. निवडक कागदांवर थांबू नका, पूर्ण दप्तर पाहा.

चर्च आणि कोर्टाच्या बारीक नोंदी

जन्माचे सरकारी दाखले फार उशिरा आले. न्यू इंग्लंडच्या गावांनी सतराव्या शतकापासून नोंदी ठेवल्या, पण केंटकीत नियमित नोंदणी १९११ पासून. म्हणून चर्चची पुस्तकं पाहायची. बाप्टिस्ट पंथाचे लोक बाळाला बाप्तिस्मा देत नसत, तेव्हा त्यांच्याकडे जन्म शोधू नका, स्थलांतर शोधा. सभासद गाव सोडताना जुन्या मंडळीचं, म्हणजे चर्चच्या सभासद-समूहाचं, पत्र घेऊन जाई. १८२३ मध्ये इंडियानाच्या पिजन क्रीक मंडळीत थॉमस पत्रावर दाखल झाला, म्हणजे त्याआधी तो दुसऱ्या मंडळीचा सभासद होता हे एका ओळीत कळतं.

कौंटी कोर्टाची रोजची पुस्तकंही चाळा. रस्त्याची देखभाल कुणाकडे, ज्यूरीवर कोण, हे त्यांत असतं. १८१६ मध्ये थॉमसला नॉब क्रीकजवळच्या रस्त्याच्या एका तुकड्याची देखभाल सोपवली होती. त्या तुकड्यावर कामाला लावलेली माणसं म्हणजे त्याचे शेजारी.

एक शाखा थेट आपल्याकडे येते. पूर्वज अमेरिकन मिशनरी असेल तर त्याचे कागद मुंबई आणि अहमदनगरशी जोडलेले असू शकतात. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले. सिंथिया फरार १८२७ मध्ये आली आणि १८६२ मध्ये अहमदनगरला वारली. त्यांना पाठवणाऱ्या अमेरिकन बोर्डाचं दप्तर हार्वर्डच्या हॉटन लायब्ररीत आहे. अहमदनगरला १८४२ मध्ये सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’च्या जुन्या अंकांतला मराठी मजकूर अमेरिकेतल्या वंशजांना वाचता येत नाही. तिथे आपण खरोखर उपयोगी पडू शकतो.

तारखा आणि नावं

१७५२ पूर्वी इंग्रजी वसाहतींत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणून जानेवारी ते मार्चच्या तारखा १७३१/३२ अशा जोड वर्षानं लिहिलेल्या दिसतात; जॉर्ज वॉशिंग्टनची जन्मतारीख जुन्या पद्धतीनं ११ फेब्रुवारी १७३१/३२, नव्या पद्धतीनं २२ फेब्रुवारी १७३२. क्वेकर पंथाचे लोक महिन्यांना क्रमांक देत आणि त्यांचा पहिला महिना तेव्हा मार्च होता. तारीख जशी आहे तशी उतरवा, बदल करायचा तो शेजारी कंसात.

स्पेलिंगला काही किंमत देऊ नका. कॅप्टन लिंकनच्या केंटकीतल्या जमिनीच्या कागदांत आडनाव ‘लिंकहॉर्न’ आहे. जुन्या लिपीत जोड ‘एस’मधला पहिला ‘एफ’सारखा दिसतो, त्यामुळे जेसी या नावाचं सूचीत ‘जेफ्से’ झालेलं आढळतं. सीनियर-ज्युनियर म्हणजे बापलेकच असं नाही. एका गावात एकाच नावाचे दोघं असले की थोरला-धाकटा एवढाच अर्थ. फॅमिलीसर्चवर २०२४ पासून हस्तलिखित दस्तांच्या मजकुरातच शोध घेता येतो. तिथे पूर्वजाचं नाव त्याच्या साक्षीदाराच्या नावासोबत टाकून पाहा. सूचीत कधीही न सापडलेले दस्त वर येतात.

पूर्वज गुलामगिरीत असेल तर

इथे वरची बरीचशी वाट बंद होते. १८५० आणि १८६० च्या वेगळ्या तक्त्यांत गुलाम माणसांची जवळजवळ सगळीकडे नावं नाहीत. मालकाच्या नावाखाली वय, लिंग आणि त्वचेचा रंग एवढंच. सर्वांना नावानं मोजणारी पहिली जनगणना १८७० ची. तिथून मागे जाताना फ्रीडमन्स ब्यूरो या मुक्त झालेल्या गुलामांसाठीच्या सरकारी खात्याचे कागद आणि १८६५ ते १८७४ च्या फ्रीडमन्स बँकेच्या खातेनोंदी पाहा. बँकेत खातं उघडताना आईवडील, भावंडं, पूर्वीचा मालक यांची नावं विचारली जात. मालक ओळखू आला की त्याची मृत्युपत्रं, मालमत्तेच्या याद्या आणि विक्रीदस्त तपासावे लागतात, कारण तुमच्या पूर्वजाचं नाव गुरांच्या आणि भांड्यांच्या शेजारी किंमत लावून लिहिलेलं तिथेच असतं. वाचताना जड जातं. तरी वाचा, कित्येकदा आई आणि मुलं एकत्र नोंदलेली असा तो एकमेव कागद असतो.

छापील वंशावळी, ऑनलाइन वृक्ष आणि डीएनए

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गुस्ताव आंजू नावाच्या माणसानं श्रीमंत अमेरिकन घराण्यांना खोट्या वंशावळी बनवून विकल्या. त्या आजही ऑनलाइन वृक्षांत फिरत आहेत. दुसऱ्याच्या वृक्षातलं नाव हा पुरावा नसतो, तो फक्त कुठे पाहायचं याचा इशारा असतो. दस्ताचं चित्र स्वतः पाहिल्याशिवाय नाव जोडू नका.

डीएनए कागदांना मदत करतं. नेहमीची चाचणी पाच-सहा पिढ्यांपर्यंत चांगली चालते. सरळ पुरुषरेषेसाठी वाय-डीएनए आणि सरळ स्त्रीरेषेसाठी मायटोकाँड्रियल चाचणी आणखी मागे जाते. नॅन्सी हँक्सची आई कोण, यावर शतकभर वाद होता. २०१५ मध्ये स्त्रीरेषेतल्या वंशजांच्या चाचण्यांनी ती ल्यूसी हँक्सची मुलगी होती या बाजूला बळ दिलं. पण कुणाची चाचणी घ्यायची हे आधी कागदांनीच ठरवलं होतं.

नोंद ठेवण्याची पद्धत

प्रत्येक शोधासाठी वहीत एक ओळ लिहा: कोणती कौंटी, कोणतं पुस्तक, कोणती वर्षं, कोणत्या स्पेलिंगनं आणि काय मिळालं. काही मिळालं नाही तर तेही लिहा. ‘हार्डिन कौंटी, विवाह बाँड, १८०५ ते १८०८, लिंकन नाही’ अशी ओळ त्या काळी कुणी लिहिली असती, तर तिच्याखाली पुढची ओळ लगेच सुचली असती. तुमच्या वहीत अशी रिकाम्या हाताची ओळ आली की हार्डिनभोवतीच्या कौंट्यांप्रमाणे आपल्या कौंटीला लागून असलेल्या प्रत्येक कौंटीचं नाव त्याखाली मांडा आणि मुलीच्या माहेरच्या कौंटीपासून सुरुवात करा.